ट्रस्टसाठी वकिलाची पहिली भेट : कोल्हापुरातल्या सल्लासेवेचं परीक्षण

ट्रस्टच्या कामासाठी वकील शोधायला निघालं की जाहिरात कुठेच सापडत नाही. सापडणारही नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. मग तालमीतलं कोणीतरी, ऑडिट करणारे सीए किंवा शेजारच्या संस्थेचे सचिव एक नाव सुचवतात आणि विश्वस्त मंडळी घोळक्याने तिकडे जातात. त्या पहिल्या भेटीत नेमकं काय मिळतं, काय मिळायला हवं आणि पैसे कुठे वाया जातात, एवढंच इथे तपासलं आहे. कुणा एका कार्यालयाला गुण द्यायचे नाहीत, म्हणून नावं नाहीत.

निकाल आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात ही सेवा चांगली मिळते, पण फाईल घेऊन जाणाऱ्याला. रिकाम्या हाताने जाणाऱ्याला "हे कागद आणा, मग बघू" एवढंच ऐकून परत यावं लागतं, आणि फी तेवढीच पडते. दोष वकिलाचा नाही. ट्रस्टच्या प्रकरणात तोंडी हकिकतीला फार किंमत नसते. "अध्यक्ष आमचे काकाच आहेत" हे खरं असलं तरी सार्वजनिक ट्रस्टची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी कोण आहे, यावर सगळं ठरतं.

सल्ला देणारे चार प्रकारचे. धर्मादाय कार्यालयात रोजचं काम असणाऱ्या वकिलांचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त, मिळकत वगैरे बदलल्याची कार्यालयाला द्यायची माहिती), त्याला उशीर झाल्याची विलंबमाफी, जमीन विकण्याची परवानगी यात हात बसलेला असतो. कुठल्या कागदावर त्रुटी निघेल हे ते फाईल चाळताचाळता सांगतात. आयकराचा विषय आला की "ते सीएंना विचारा" म्हणतात, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारे वकील मिळकतीचा वाद, कुळाचा दावा, मृत्युपत्र किंवा कुटुंबाचा खासगी ट्रस्ट असेल तर अधिक उपयोगी. तिसरा प्रकार सीएंच्या कार्यालयातून मिळणाऱ्या 'ट्रस्ट पॅकेज'चा. हिशोब, ऑडिट, आयकरातली १२एबी (ट्रस्टच्या करसवलतीची) आणि ८०जी (देणगीदारांच्या सवलतीची) नोंदणी चोख असते. उणीव एकच, पण मोठी: सभा वैध होती का, नोटीस कोणी काढली, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. ताळेबंदावर सही करणारी माणसं दप्तरी विश्वस्त तरी आहेत का, हा प्रश्न मग वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

चौथा प्रकार व्हिडिओ कॉलवर सल्ला आणि तयार ट्रस्ट डीड (ट्रस्ट स्थापन करणारा दस्त) देणाऱ्या ऑनलाइन सेवांचा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टला या सेवा घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सार्वजनिक ट्रस्टसाठी असा सविस्तर कायदा आणि धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा बहुतेक राज्यांत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. ज्या डीडच्या नमुन्यात विश्वस्तांना जमीन विकण्याचा 'पूर्ण अधिकार' दिलेला असतो आणि विक्रीआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायला लावणाऱ्या कलम ३६ चा उल्लेखही नसतो, तो नमुना इथल्यासाठी लिहिलेलाच नसतो.

एक बदल ध्यानात ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. प्रकरण वर जाण्यासारखं असेल तर "हायकोर्टाचं काम तुम्ही स्वतः पाहता की दुसऱ्याकडे देता, आणि त्याची फी वेगळी का" हे पहिल्याच भेटीत विचारायला हरकत नाही. मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च धरून सांगितलेले जुने आकडे आता लागू नाहीत.

आता फाईल. सगळ्यात वर हवा तो परिशिष्ट १ चा उतारा, ज्याला सगळे 'पीटीआर उतारा' किंवा 'शेड्युल वन' म्हणतात. धर्मादाय कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत भेटीच्या आधी काढून ठेवावी. नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, पण त्याचा इथे उपयोग थोडा. उताऱ्यात विश्वस्तांची नावं, विश्वस्तपद पुढे कसं चालणार त्याची पद्धत, उद्देश, जंगम आणि स्थावर मिळकत, आणि त्यानंतर मंजूर झालेले सगळे बदल असतात. 'विश्वस्तपदाच्या वारसाची पद्धत' हा रकाना वकील सर्वात आधी वाचतो. नेमणूक हयात विश्वस्तांनी करायची, सर्वसाधारण सभेने निवडून द्यायचं की घराण्यातल्या वडीलधाऱ्याकडे पद जायचं, हे तिथे लिहिलेलं असतं आणि पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा राहतो.

नोंदणी क्रमांकाचं अक्षरही बोलतं. 'एफ' असेल तर ती संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असते. अशा संस्थेला दोन प्रमाणपत्रं असतात आणि कारभार मंजूर घटनेप्रमाणे चालतो. पेठांमधल्या अनेक तालमी आणि मंडळं या गटातली. त्यांनी डीड शोधत बसू नये. मंजूर घटनेची प्रमाणित प्रत न्यावी. घरी कपाटात सापडणारी टंकलिखित घटना पुष्कळदा जुनी, दुरुस्तीपूर्वीची निघते.

दुसरा गठ्ठा प्रोसिडिंग बुकाचा, म्हणजे सभांचे ठराव लिहायच्या वहीचा, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण कोल्हापुरातल्या ट्रस्टांच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथेच असतं. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला, मिळकत वाढली किंवा कमी झाली, पत्ता बदलला, की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. प्रत्यक्षात निवडणूक होते, पेढे वाटले जातात, बँकेत सह्या बदलतात आणि रिपोर्ट राहून जातो. दुसरी निवडणूक होते, तिसरी होते. मग एखादी जमीन विकायची किंवा अनुदान घ्यायचं ठरतं आणि कळतं की दप्तरी विश्वस्तांपैकी दोघेच हयात आहेत.

अशा वेळी "शेवटच्या निवडणुकीचा एक रिपोर्ट टाकू" असं सांगणारा वकील सोपा वाटतो, पण तो मार्ग टिकत नाही. सभेची नोटीस काढण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न लगेच येतो. ज्याने काढली तो सचिव आधीच्या निवडणुकीत आलेला, ती निवडणूक दप्तरी नाही, म्हणजे सचिवपदच वादात. हरकत घेणाऱ्याला याच्यापुढे काही शोधावं लागत नाही. चांगला वकील म्हणून साखळी मागतो: शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट कुठला, त्यानंतर प्रत्येक निवडणूक, राजीनामा आणि निधन कोणत्या तारखेला, आणि त्या प्रत्येकाचा पुरावा काय. प्रत्येक बदलाचा वेगळा रिपोर्ट, वेगळी विलंबमाफी, आणि क्रम जुन्याकडून नव्याकडे. काम वाढतं, फी वाढते, पण ते निकालात टिकतं.

या साखळीचा पुरावा म्हणजे चार गोष्टी. सभेची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, म्हणजे पोस्टाच्या पावत्या किंवा नोटीस वहीतल्या सह्या, हजेरीच्या सह्या, आणि ठरावाची नक्कल. सोबत नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. घटनेत १५ दिवसांची नोटीस लिहिली असेल आणि सभा नवव्या दिवशी झाली असेल तर तसंच सांगावं. वकिलासमोर तारीख लपवण्यात अर्थ नाही. वकिलाशी झालेल्या व्यावसायिक बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमात गोपनीयतेचं संरक्षण आहे. मागच्या तारखेची नोटीस "तयार करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं. फौजदारी गुन्हा होतो आणि त्यात अडकतो तो सही करणारा विश्वस्त.

कुणाची हरकत नसेल तर गाडी लवकर पुढे जाते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर चेंज रिपोर्टला तात्पुरती मान्यता देऊन हरकती मागवण्याची सोय आहे. वाद असेल तर चौकशी, साक्षी, उलटतपास. म्हणून "किती दिवस लागतील?" विचारण्याआधी "हरकत कोण घेईल?" याचं खरं उत्तर वकिलाला द्यावं. विरोधी गटाची नावं आणि त्यांच्याकडे कोणते कागद आहेत, हे एका कागदावर लिहून नेलं तर फारच उत्तम.

मिळकतीच्या कागदांत शहरासाठी प्रॉपर्टी कार्ड, गावासाठी सातबारा, आठ-अ आणि संबंधित फेरफार. उताऱ्यातली मिळकत आणि यातली मिळकत शेजारी ठेवून जुळवावी. न जुळणं हाच नियम आहे: सातबारा संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर, देणगीत मिळालेला प्लॉट उताऱ्यात नाही, विकलेली जागा अजून उताऱ्यात. देवळांच्या जमिनीत आणखी एक पायरी असते. सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' असा शेरा असेल तर ती साधी ट्रस्टची जमीन नव्हे. तिच्यावर सरकारी निर्बंध वेगळे. कसणाऱ्याने कुळाचा हक्क सांगितला असेल तर कूळ कायद्याच्या कलम ८८ब खालचं सूट प्रमाणपत्र ट्रस्टने घेतलं होतं का, हे शोधून न्यावं. हा एक कागद असला तर दाव्याचं चित्र बदलतं. संस्थानी काळातली सनद मोडीत असेल तर मूळ कागदाबरोबर जाणकाराकडून केलेलं देवनागरी लिप्यंतर न्यावं. बहुतेक वकिलांना मोडी येत नाही, आणि लिप्यंतराविना तो कागद पहिल्या भेटीत नुसताच टेबलावर पडून राहतो. घरी सनद नसेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात नक्कल शोधता येते.

रस्त्यालगत देऊळ किंवा मंडळाची इमारत असली की गाळे आलेच. कलम ३६ प्रमाणे सार्वजनिक ट्रस्टची बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त, आणि शेतजमीन १० वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांनाही लागते. विकासकाशी करार करून इमारत पाडायची असेल तर सही करण्याआधी वकिलाकडे जावं, इसार घेतल्यावर नव्हे. मागाहून मंजुरीची वाट कायद्यात आली आहे, पण ती अपवादापुरती. गाळेधारकांशी असलेले सगळे करार, मुदत संपलेलेही, फाईलमध्ये हवेत. लिव्ह अँड लायसन्स नोंदलेला नसेल तर तेही सांगावं, कारण भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे इथे ट्रस्टची.

पैशांचा भाग थोडक्यात. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, परिशिष्ट ८ आणि ९ मधले ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक, बँकेचे उतारे, ठेवींच्या पावत्या. कोल्हापूरचं वैशिष्ट्य म्हणजे पतसंस्थेतली ठेव. गल्लीतली पतसंस्था, ओळखीचे संचालक, व्याज जरा जास्त. पण १९५० च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये शेड्युल्ड बँक, पोस्ट, सरकारने मान्यता दिलेली सहकारी बँक आणि सरकारी रोखे अशी गुंतवणुकीची यादी आहे आणि पतसंस्था त्यात नाही. पैसे बुडाले तर जबाबदारी विश्वस्तांवर येऊ शकते. ऑडिटरनेही कधी हे लिहिलेलं नसेल तर वकिलाला आवर्जून दाखवावं. आयकराची १२एबी आणि ८०जीची आदेशपत्रं न्यावीत आणि मुदतीची तारीख अधोरेखित करावी; २०२१ साली फेरनोंदणी झालेल्या बहुतेक ट्रस्टांची ती मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती. नूतनीकरण झालं नसेल तर ते काम सीएंचं, पण वकिलाला माहीत हवं.

कुटुंबाचा खासगी ट्रस्ट असेल तर हे सगळं जवळजवळ बाजूला ठेवावं. तिथे धर्मादाय कार्यालय नाही, चेंज रिपोर्ट नाही. १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा आणि ट्रस्ट डीड किंवा मृत्युपत्र एवढंच. वडिलांनी मृत्युपत्राने नातवंडांसाठी किंवा अपंग मुलासाठी ट्रस्ट केला आणि विश्वस्त म्हणून आपलं नाव लिहिलं, अशी प्रकरणं वाढली आहेत. या भेटीची सर्वात महत्त्वाची तयारी म्हणजे तोवर कशावरही सही न करणं. विश्वस्तपद नाकारता येतं, पण वाजवी वेळेत. बँकेचा फॉर्म भरला, भाडं गोळा केलं, की कलम १० प्रमाणे वागण्यातून स्वीकार झाला असं धरता येतं. स्वीकारल्यावर कलम ४६ आड येतं: न्यायालयाची परवानगी, सज्ञान लाभार्थ्यांची संमती किंवा डीडमधली तरतूद यांशिवाय सुटका नाही.

स्वीकारायचं ठरलं तर चार गोष्टी वकिलाने आपणहून सांगायला हव्यात. एकाहून अधिक विश्वस्त असतील तर सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा, डीडमध्ये वेगळं नसेल तर. काम दुसऱ्यावर सोपवायला मर्यादा. डीडमध्ये नसेल तर मेहनताना नाही. खर्च मात्र ट्रस्टमधून मिळतो. आणि हिशोब लाभार्थ्याने मागितला की द्यायचा. यातलं काहीच न सांगता जो लगेच खातं उघडायचा ठराव लिहायला घेतो, तो टायपिस्टचं काम वकिलाच्या फीत करतो. कराचा प्रश्नही इथेच विचारावा: लाभार्थ्यांचे हिस्से डीडमध्ये ठरलेले नसतील तर ट्रस्टच्या उत्पन्नावर साधारणपणे सर्वोच्च दराने आयकर बसतो. कोल्हापुरातल्याच मिळकतीबद्दलच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचं नाही, पण भाऊबंद हरकत घेणार असतील तर घ्यायचं का, हा सल्ला पैसे देऊन घेण्यासारखा आहे.

भेटीला किती जणांनी जावं? दोघे, फार तर तिघे. एक कागद माहीत असलेला, एक सही करणारा. आठ-दहा जण गेले की भेटीची सभा होते आणि वकील ज्याचा आवाज मोठा त्याची हकिकत लिहून घेतो. बरोबर एका पानाचा तारखांचा कागद न्यावा: स्थापना, नोंदणी, शेवटचा मंजूर बदल, निवडणुका, निधनं, खरेदी-विक्री, शेवटचं दाखल ऑडिट. खाली तीन प्रश्न, जास्त नको. एवढं एक पान वकील तुमच्यासमोरच वाचतो. शंभर पानांची फाईल "ठेवून जा" म्हणतो.

फीबद्दल लाजू नये. भेटीची फी किती, त्यात कागद वाचणं धरलं आहे का, लेखी अभिप्राय मिळणार का, दाखल करायचा खर्च वेगळा का, हे आधी फोनवरच विचारावं. लेखी अभिप्राय वेगळ्या फीत देणाऱ्यांना आम्ही झुकतं माप देतो. तो कागद पुढे विश्वस्तांनी काळजी घेतल्याचा पुरावा ठरतो. निकालावर टक्केवारी मागणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, तेव्हा "जमीन सुटली की एवढे टक्के" हे ऐकलं की पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि सर्वात अवघड प्रश्न: तुम्ही वकील कोणाचे, ट्रस्टचे की आमच्या गटाचे? ट्रस्टच्या कामाचा खर्च ट्रस्टच्या खात्यातून, ठरावाने. विश्वस्तांच्या आपसातल्या भांडणाचा ज्याच्या त्याच्या खिशातून. ही रेघ पहिल्याच दिवशी आखून देणारा वकील महाग वाटला तरी घ्यावा. त्याने पूर्वी समोरच्या गटाला याच प्रकरणात सल्ला दिला आहे का, तेही विचारावं. दिला असेल तर तो स्वतःच नाही म्हणेल, म्हणायला हवं.

बाहेर पडताना हातात काय असावं? पुढच्या तारखा, त्यातही ९० दिवसांची मुदत कधी संपते ती, कोणत्या कागदांच्या प्रमाणित प्रती कुठून काढायच्या, आणि तोवर काय करायचं नाही. वकीलपत्रावर लगेच सही करायलाच हवी असं नाही. कागद ठेवून यायचे तर झेरॉक्स ठेवाव्यात. मूळ डीड किंवा सनद दाखल करण्यासाठी द्यावीच लागली तर पानांच्या संख्येसह लेखी पोच घ्यावी. प्रोसिडिंग बुक मात्र कधीच ठेवून येऊ नये. पुढची सभा त्याच वहीत लिहायची असते, आणि वही वकिलाकडे होती म्हणून सुट्या कागदावर लिहून मागाहून चिकटवलेला ठराव चौकशीत सगळ्यात आधी उघडला जातो.